बाबांच्या पायांतलं विष

गंज कसा दिसतो हे मला कोणी शिकवायची गरज नाही. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात बावीस वर्षं मी प्लेटिंगच्या टाक्यांवर काढली आहेत. मिठाच्या पाण्यात लोखंड बुडवून करंट सोडला की लोखंड झिजतं आणि पाणी तपकिरी होतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि माझ्याच वडिलांनी दर गुरुवारी रिक्षा करून माणिकपूरला जावं, तेच तपकिरी पाणी अर्धा तास बघावं आणि तृप्त होऊन घरी यावं, याला काय म्हणायचं?

बाबा गासला राहतात, वाडीला लागून असलेल्या घरात. मी आचोळ्याला, फ्लॅटमध्ये. रविवारी जाऊन येतो. वाडी म्हणजे केळी, मोगरा आणि कुंपणाच्या कडेने लिंबं. वाडीत चप्पल घालायची नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. वाफ्याला पाणी हवं की नको ते तळव्याला कळतं, मध्ये रबर कशाला, असं म्हणायचे. साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चप्पल घालायला सांगितलं होतं. बाबांनी मान डोलावली आणि चपला ओटीवर नीट मांडून ठेवल्या, त्या तिथेच राहिल्या.

मग भजनी मंडळातल्या कोणीतरी पायांतून विष काढणाऱ्या मशीनची बातमी आणली. चार गुरुवार झाले तेव्हा मला कळलं. पाचव्याला मी सुट्टी टाकून बरोबर गेलो.

पांढरा एप्रन घातलेल्या ताईंनी टबमध्ये कोमट पाणी ओतलं, चमचाभर मीठ टाकलं, वायरला जोडलेली धातूची नळी सोडली आणि बटण दाबलं. बाबा पाय बुडवून देवापुढे बसावं तसे बसले. पाणी आधी पिवळट झालं, मग नारिंगी, मग कॉफीसारखं, वर फेस. स्विमिंग पूलला येतो तसा वासही सुटला, तो मिठातला क्लोरीन. भिंतीवर तक्ता होता: नारिंगी म्हणजे सांधे, तपकिरी म्हणजे लिव्हर, हिरवं म्हणजे पित्ताशय. आमच्या गाळ्यातली सांडपाण्याची टाकी या तक्त्याला लावली असती तर तिचा एकही अवयव धड निघाला नसता.

"अंकल, आज लिव्हरचं भरपूर निघालं हां," ताई म्हणाल्या.

"आणि हे काळं काळं?" बाबांनी उत्साहाने विचारलं.

"ते स्मोकिंगचं."

"मी विडीला कधी हात लावला नाय."

"मग दुसऱ्यांचा धूर असेल ना, अंकल."

मला राहवेना. "ताई, एकदा पाय न घालता मशीन चालू करा बघू."

"नाही सर, तसं केलं तर मशीन खराब होतं," त्या गोड हसून म्हणाल्या. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलो होतो.

परतताना रिक्षात मी सगळं उलगडून सांगितलं. नळीतलं लोखंड झिजतं, त्याचा गंज पाण्यात उतरतो. शरीरातली घाण काढायला लिव्हर आहे, किडन्या आहेत. तळव्याची कातडी म्हणजे काही चाळणी नाही. बाबा बाहेर बघत ऐकत होते. मग म्हणाले, "तीस वर्षं हातांनी औषध कालवलंय मी. अनवाणी फवारलंय. ते कुठं गेलं असंल, सांग."

त्यांच्याबरोबर फवारणी करणारे शेजारच्या वाडीतले दोघे आजारी पडून गेले होते. बाबा ते कधी बोलून दाखवत नसत, पण भीती होती, आणि ती खोटी नव्हती. मला वाईट वाटलं. ते मी सांगायला हवं होतं, पण मी गंजावरच अडून बसलो.

"आणि पाय बघ कसे हलके झालेत," ते म्हणाले. "आधी मुंग्या यायच्या, आग व्हायची. आता काय नाय. जमिनीला लागतात की नाय तेबी कळत नाय."

"मनाचे खेळ आहेत, बाबा."

"असूंदे. रात्रीची साखरेची गोळी पण बंद केलीय मी. ताई म्हणाल्या, शरीर साफ होतंय तर हरकत नाय."

माझं डोकंच फिरलं. मी इतक्या जोरात ओरडलो की रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. साखर काय प्रकार आहे माहीत आहे का, डोळे जातात, पाय कापावे लागतात, असं सगळं मी भर रस्त्यात म्हटलं.

पुढच्या रविवारी मी गाळ्यातून छोटा रेक्टिफायर मागून आणला. वीज टाकीत सोडायचं आमचं यंत्र. ओटीवर टब ठेवला, विहिरीचं पाणी, मूठभर मीठ, लोखंडाच्या दोन सळ्या. पाय कोणाचेच नाहीत. दहा मिनिटांत पाणी माणिकपूरपेक्षा काळं झालं. मला इतका आनंद झाला की लाज वाटावी.

बाबांनी वाकून पाहिलं. "मी म्हणतोच ना, विहिरीत फवारणीचं उतरलंय. बघ, पाण्यातलंबी काढलं मशीनने."

मी हात टेकले.

"आता पाय घालून कर," ते म्हणाले. "कुठलं जास्त काळं होतं ते बघू." आणि स्वतःच उठून टब रिकामा केला, न्हाणीतून बादलीभर गरम पाणी आणून त्यात ओतलं आणि पाय सोडून बसले. मी पाठमोरा वायर सोडवत होतो. पाय आत असताना करंट सोडायचाच नाही, नुसत्या सळ्या ठेवून त्यांना दाखवायचं, असं मी ठरवलं होतं. वळून सळ्या ठेवायला हात पाण्यात घातला आणि बोंब मारून बाहेर काढला. बोटं भाजली होती.

"बाबा, पाय काढा!"

"का रे? कोमट तर हाय."

मी बगलेत हात घालून त्यांना मागे ओढलं. घोट्यापर्यंत पाय लालभडक झाले होते आणि ते माझ्याकडे हसून बघत होते. गुरुवारपासून मी या माणसाला लोखंडाचं रसायनशास्त्र समजावत होतो. पाय जमिनीला लागलेले कळत नाहीत असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं आणि मी ते मनाचे खेळ म्हणून उडवून लावलं होतं. संताप आता माझा मलाच येत होता.

गार पाणी ओतून मी त्यांचे पाय मांडीवर घेतले. असे मी ते याआधी कधी घेतले नव्हते. उजव्या अंगठ्याच्या खाली लिंबाचा काटा मोडून आत राहिला होता. आजचा नव्हे, बऱ्याच दिवसांचा. भोवतीची कातडी काळी पडली होती, आणि जरा दाबल्यावर पिवळट पू आला, पण बाबांनी पाय हलवलासुद्धा नाही.

"हे कधी लागलं?"

"काय लागलं?" ते वाकले. अंगठ्याखालून काय वाहतंय ते त्यांना दिसलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघ," ते म्हणाले, "निघतंय ना बाहेर."