दुसऱ्याच्या नाकाने निवडलेली कॉफी

“छान हा वास नाही,” काका म्हणत. “छान हे तुझं मत झालं. मी मत विचारलं नाही. वास कशाचा आला ते सांग.”

आणि मग ते पाकिटातला कॉफीचा एक दाणा उचलत, पुढच्या दातांत धरत, मान किंचित तिरकी करत आणि कट्कन फोडत. दाणा कसा फुटतो हे ते दातांनी आणि कानांनी तपासत. नीट भाजलेला दाणा तळलेल्या कुरडईसारखा मोडतो, कच्चा राहिलेला दाताला अडतो, हे मला त्यांच्याकडून कळले.

तोंडात काही टाकले की भोवतालचे जग बंद करून टाकणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. मला भेटलेले तसे हे पहिलेच, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचे धाडस करते आहे. माझे मराठी घरात बोलून झालेले आहे, शाळेत शिकलेले नाही. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

काका इकडे बंगालात, टॉलीगंजला राहत, तिसऱ्या मजल्यावर. चहाची दलाली करणाऱ्या एका कंपनीत ते चव घेणारे होते. सकाळी ओळीने मांडलेल्या शेकडो कपांतून एकेक चमचा शिट्टीसारखा आवाज करत ओढायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा आणि भाव सांगायचा. निवृत्त झाल्यावरही कंपनी त्यांना नव्या मुलांना शिकवायला बोलवत असे. मग मी त्यांच्याकडे जायच्या चार वर्षे आधी साथीचा ताप आला. ताप गेला, आणि जाताना काकांचे नाक घेऊन गेला. गेलेला वास परत आलाच नाही. त्यांनी ऑफिसात गुडघ्यांचे कारण सांगितले आणि जाणे बंद केले. खरे कारण फक्त काकूंना आणि पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलीला माहीत होते.

त्यांच्याकडे गेले तेव्हा मी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझे बाबा सैन्यात हवालदार होते. शेवटची नेमणूक बराकपूरला झाली आणि आम्ही इकडचेच झालो. आता आम्ही बजबजला राहतो, तिथेच एका तेलाच्या डेपोत ते पहारेकरी आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात मी शेवटच्या बाकावर बसे आणि उत्तर येत असले तरी हात वर करत नसे. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर काकूंचा संदेश आला, ‘आठवड्यातून दोन दुपारी कॉलेजची मुलगी हवी. काम सोपे आहे.’ बाबांना वाटले, वर्तमानपत्र वाचून दाखवायचे असेल.

पहिल्या दिवशी मी विचारले, “काका, काम काय आहे?”

“वास घ्यायचा.”

मी दाराकडे पाहिले. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “घाबरू नकोस गं. ह्यांचं नाक बिघडलंय, डोकं नाही. डोकं पहिल्यापासूनच तसं आहे.”

ओट्यावर मुलीने पाठवलेले एस्प्रेसोचे छोटे यंत्र होते. काकू त्याला इंजिन म्हणत. चहाच्या माणसाने कॉफी का धरली, हे काकांनी मला समजावून सांगितले. “चहाचं सगळं नाकात असतं. नाक गेलं की चहा म्हणजे गरम पाणी. एस्प्रेसो तशी नाही. आंबट, कडू, जाड, पातळ, एवढं तरी जिभेला कळतं. अर्धं माझ्या हातात राहतं. उरलेलं अर्धं तू सांगायचंस.”

दाणे निवडायची त्यांची रीत ठरलेली होती. पाकीट हातात आले की आधी उलटे करत. पुढची बाजू विकणाऱ्याची, मागची आपली, असे त्यांचे म्हणणे. मागे भाजल्याची तारीख नसेल तर पाकीट परत. तारीख असेल तर भाजून आठवडा झालेला हवा आणि महिना व्हायला नको. फार ताज्या दाण्यांचा नुसता फेस येतो. तेलाने चकचकणारे दाणे ते नाकारत. “हा डोक्याला तेल थापून लग्नाला आलाय,” म्हणत. असे दाणे चक्कीत चिकटतात आणि दुधात फक्त करपटपणा उरतो. फिकट भाजलेले दाणे नुसत्या काळ्या कॉफीला ठीक, दुधात ते आंबटसर लागतात. दुधाच्या कॉफीला मध्यमाहून थोडे गडद हवेत. दळून आणलेली कॉफी तर त्यांनी घरात येऊ दिली नाही. हाताची चक्की मी फिरवत असे.

हे सगळे शिकायला मला वेळ लागला नाही. अडत होते ते वासाशी. तीन आठवडे मी ‘छान’ आणि ‘फार छान’ एवढेच म्हणत होते. पाकिटावर चेरी लिहिलेली असे, बदाम लिहिलेले असत, आणि मला ते येत नसे. वाटे, माझ्या नाकालाच शिक्षण नाही.

एकदा काकांनी विचारले, “घरी आई काय काय भाजते?”

“शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, मिरच्या.”

“मग त्यातलंच सांग. ती चेरी मीही कधी झाडावरची खाल्लेली नाही.”

त्या दिवसापासून वहीत शब्द येऊ लागले. तिळाची चटणी. खवट व्हायला आलेले खोबरे. चुलीवरून वेळेत उतरलेली डाळ. काका प्रत्येक शब्द तारखेसकट लिहून घेत आणि शेजारी जिभेचे आपले मत मांडत. माझे शब्द इतक्या गंभीरपणे कोणी लिहून घेईल असे मला कधी वाटले नव्हते.

मग घोषालबाबूंचा फोन आला. काकांच्या शेजारच्या टेबलावर आयुष्यभर चहा ओढलेले हे गृहस्थ अजून कंपनीत सल्लागार होते. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकले. “चहा सोडून कॉफी धरलीस असं कळलं. म्हातारपणी धर्म बदललास. रविवारी अकराला येतो, पाज बघू.”

फोन ठेवल्यावर काकांनी इंजिनावरची धूळ पुसली. मग म्हणाले, “घोषालला फसवता येत नाही. कप जमला तर मला अजून पारख आहे. नाही जमला तर हे इंजिन कोणाला तरी देऊन टाकू, आणि मी गप टीव्ही बघत बसेन.”

काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या. तेव्हा मला कळले की काका थट्टा करत नाहीत.

बुधवारी तीन पाकिटे आली. पहिले चकचकीत निघाले, बाद झाले. दुसरे महागडे, सुंदर छपाईचे, दहा दिवसांपूर्वी भाजलेले. त्यावर रानफळे आणि मध लिहिलेले. तिसरे साध्या खाकी कागदाचे. कर्नाटकातल्या डोंगराचे दाणे, त्यात रोबस्टा या कडक जातीचे थोडे दाणे मिसळलेले, कॉफी जरा दाट यावी म्हणून. काकांनी दुसऱ्या पाकिटातला दाणा फोडला. खूश झाले. कॉफी करून चाखली. “अंग आहे हिला, जिभेवर भरून लागते. आता तू सांग.”

मी पाकीट नाकाशी धरले. आला तो आमच्या घरामागचा वास. तिथे तागाची गिरणी आहे, तिच्या गोदामातून पावसाळाभर येतो तसा, भिजून वाळलेल्या गोणपाटाचा. मी पुन्हा हुंगले. तोच. पण पाकिटावर रानफळे छापलेली होती, आणि ती छापणारी माणसे माझ्याहून शिकलेली असणार.

“फळासारखा,” मी म्हणाले.

“कुठलं फळ?”

“बोर.”

काकांनी वहीत ‘बोर’ लिहिले. रविवारची कॉफी ठरली.

घरी जाताना गाडीत मी स्वतःला सांगत होते की बोराचाच होता. शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतून गोणपाटांनी भरलेला ट्रक गेला. पाकिटातला वास तोच होता, बोराचा नव्हे. फोन करायचा विचार आला, पण फोनवर मी पुन्हा गप्प झाले असते. रविवारी सकाळची गाडी पकडून निघाले.

काकूंनी दार उघडले. “अगं, आज रविवार. तुझं काम बुधवारी.”

मी चपला न काढताच बोलले. “काका, ते दाणे देऊ नका. मी खोटं सांगितलं. बोराचा वास नव्हता. गोणपाटाचा होता.”

काका पेपर बाजूला ठेवून उठले. मला वाटले, आता ते मला जायला सांगतील.

“कोरड्या की ओल्या?”

“भिजून वाळलेल्या.”

ते पुन्हा बसले. “कच्चे दाणे पोत्यात फार दिवस पडून राहिले की तागाचा वास धरतात. मग कितीही ताजे भाजा, जात नाही. घोषालनं पहिल्या घोटाला ओळखलं असतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बुधवारी का नाही बोललीस?”

“पाकिटावर फळं लिहिली होती.”

“पाकीट लिहिणाऱ्याचं घर बजबजला नाही,” काका म्हणाले.

“अहो, रागवा तरी तिच्यावर थोडं,” काकू म्हणाल्या.

“वेळ नाही. ते खाकी पाकीट उघड.”

आमच्या हातात दोन तास होते. पहिला कप भसकन भरला, पाणीदार. चक्की बारीक केली तर यंत्र गुरगुरत बसले आणि थेंब थेंब आला. पुन्हा थोडी जाड. काका प्रत्येक वेळी चमचाभर ओढून थुंकत आणि एकच शब्द बोलत. “आंबट.” “कडू.” “जवळ आलीस.” माझे हात भरून आले होते. काकूंनी दूध स्वतःकडे घेतले. पाचव्या कपाला धार मधासारखी बारीक आणि संथ उतरली. काकांनी तो घोट थुंकला नाही. “आता वास.”

मी पाकिटाकडे पाहिले नाही. “शेंगदाणे,” मी म्हणाले. “भाजून झालेले, पण पाखडायच्या आधीचे. सालासकट. आणि मागे जरासा गूळ.”

वहीत तसेच लिहिले गेले.

घोषालबाबू बरोबर अकराला आले. उंच, पांढऱ्या मिश्या, हातात मिठाईचा खोका. मी आत जाऊन उभी राहणार होते, काकांनी खुणेने तिथेच बसवले. दुधाची कॉफी पुढे आली. घोषालबाबूंनी चमचा भरला आणि जिन्यावर ऐकू जाईल असा घोट ओढला. मग दुसरा. दोन्ही गिळले.

“चीनेबादाम,” ते म्हणाले. बंगालीत शेंगदाण्याला चीनेबादाम म्हणतात. “खोशा शुद्धो.” सालासकट.

चाळीस वर्षे ज्या नाकाने चहाचे भाव ठरवले, ते नाक माझ्या आईच्या तव्यापाशी येऊन थांबले होते.

“गूळ?” काकांनी विचारले.

“गूळ मला नाही लागला. दूध मात्र जरा जास्त तापवलंय.”

“ते मी तापवलंय,” काकू म्हणाल्या.

“मग मी काही बोललो नाही, बौदी.” बौदी म्हणजे वहिनी. घोषालबाबूंनी घाईघाईने कप रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. “तुझं नाक होतं तसंच आहे रे. मग टेबलावर का येत नाहीस?”

काकांना गप्प राहता आले असते. कप जमला होता, घोषालबाबूंची खात्री पटली होती, आणि मी तर जन्मात बोलले नसते. काकांनी वही उचलली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

“नाक गेलं, घोषाल. चार वर्षं झाली. जीभ माझी आहे. नाक ह्या मुलीचं.”

घोषालबाबूंनी वही चाळली, मग माझ्याकडे सरकवली आणि हिंदीत म्हणाले, “वाचून दाखव.” मी वाचले. तिळाची चटणी, खवट खोबरे, डाळ, सगळे हिंदी करून सांगितले. गोणपाटाचा किस्साही सांगितला. आधी वहीत डोके घालून वाचत होते, नंतर मान वर करून. गोणपाट ऐकल्यावर ते पुढे झुकले आणि कोरडा की ओला, तेच विचारू लागले.

“चार वर्षं गुडघ्यांचं नाटक केलंस,” ते शेवटी काकांना म्हणाले.

“गुडघेही दुखतात.”

“दुखू देत. मंगळवारी दोघं या. नव्या पोरांना चमचा ओढता येत नाही, मान हलवतात आणि सगळ्याला फार छान म्हणतात.”

ते गेल्यावर काका खुर्चीत टेकले. “ऐकलंस ना? दोघं या म्हणाला.”

“ऐकलं,” काकू म्हणाल्या. “खालच्या मजल्यानंही ऐकलं असेल.” आणि पदराने चष्मा पुसू लागल्या.

पुढे वर्षभर आम्ही मंगळवारी कंपनीत जात होतो. काका ओळीतून पुढे पुढे घोट घेत, मी मागून वास सांगत असे. नवी मुले आधी हसली. मग त्यांच्याही वह्यांत आपापल्या घरची नावे येऊ लागली. पूर्व मेदिनीपूरची सुकी मासळी, कोणाच्या आजीची भाजलेली वांगी. काका सगळे लिहून घेत.

मागच्या हिवाळ्यात मुलीने दोघांना पुण्याला नेले. इंजिनही गेले. टॉलीगंजच्या त्या घरात आता दुसरे बिऱ्हाड आहे आणि गॅलरीत लहान मुलांचे कपडे वाळत असतात. मंगळवारी मी एकटी जाते.

गेल्या आठवड्यात पुण्याहून एक पाकीट आले. वर छपाई नाही, काही नाही. आत मूठभर दाणे आणि एक चिठ्ठी, ‘वास?’ मी हुंगले. गोड होता, गुळाच्या जवळचा, पण गूळ नव्हता. दोनदा हुंगून पाहिले, नाव सापडेना. आई शेजारी मेथी निवडत होती. तिने आयुष्यात कॉफी प्यायलेली नाही. पाकीट मी तिच्यापुढे धरले.

“काकवी,” ती सहज म्हणाली. तिच्या माहेरी गुऱ्हाळ होते.

मी काकांना कळवले, ‘काकवी. आईने ओळखले.’ पाच मिनिटांत उत्तर आले, ‘आईंना विचार, पातळ असतानाची की आटत आल्यावरची?’

मी ते वाचून दाखवले. मला वाटले, आई हसेल. तिने मेथीची परात बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि पाकीट पुन्हा जवळ ओढले.

“थांब,” ती म्हणाली. “घाई करू नकोस.”