दामोदररावांचा वाफा आणि आपला मुरूम

होळीनंतरच्या गुरुवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, आपल्या शेतकी मंडळाच्या मागच्या आवारात मुरमाचे ट्रक आले आणि दामोदररावांच्या पंचाहत्तरीच्या मंडपासाठी दामोदररावांचाच वाफा बुजवून गेले. शेजारचा खताचा ढीग कचरा म्हणून आधीच उचलला होता. गौरवलेखाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला कळते. सत्काराचीही करत नाहीत.

त्रेसष्ट साली मी मंडळात माती तपासायच्या कामावर रुजू झाले, तेव्हा त्या जागी मुरूमच होता. गवतसुद्धा धड उगवत नसे. माझे वरिष्ठ दामोदरराव तिथे पालापाचोळा, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि शेणकाला यांचे थर रचत होते. मी नाकाला रुमाल लावला.

"बाई, शिकलात कुठे?"

"कॉन्व्हेंटमध्ये."

"तिथे जेवणाआधी देवाचे आभार मानतात ना? मग रुमाल काढा. जेवण इथूनच निघतं."

ढिगात काठी खुपसायला त्यांनीच शिकवले. काठी गरम निघाली तर खत कच्चे. कच्चे घातले की पीक पिवळे पडते, मुळे खाणारी हुमणी लागते आणि शेतकरी शिव्या खताला देतो. पोत्यातल्या रासायनिक खताशी त्यांचे भांडण नव्हते. उपाशी मातीला नुसते टॉनिक पाजू नका, एवढेच ते सांगत.

स्वतःची चूक ते चारचौघांत मान्य करीत. कळमेश्वरजवळच्या एका गावात 'शेण जाळू नका' असे ते तावातावाने सांगत होते. यशोदाबाई नावाच्या शेतकरीण उठल्या. "साहेब, शेण खड्ड्यात टाकलं त चुलीत काय तुमचं भाषन जाळू?" सगळ्यांत मोठ्याने हसले ते दामोदररावच. पुढच्या खेपेला त्यांनी भाषण केले नाही. बाईंच्या गोठ्यामागे बसून पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या काड्यांचे तुकडे, पाला आणि गोठ्याची झाडलोट यांचा खड्डा भरला. शेण लागले ते फक्त विरजणापुरते. चूल पेटती राहिली. दुसऱ्या वर्षी ज्वारीचे पीक असे हिरवे काळेभोर आले की यशोदाबाई मला म्हणाल्या, "वं बाई, साहेबाले सांग, भाषन नसन त पुन्यांदा या म्हना."

माझी आई दवाखान्यात असताना याच गृहस्थांनी माझ्या वाट्याचे मातीचे नमुने रात्रंदिवस तपासले आणि अहवालावर नाव माझेच लावले. त्याबद्दल बोलू दिले नाही, म्हणून इथे छापून घेते.

मुरमाविषयी मी त्यांना विचारले. "मंडप कुठेतरी लागणारच ना, बाई. पोरं हौसेनं करून राहिली." रोज सकाळी मात्र ते तिथे येतात आणि जुन्या सवयीने काठी टोचून पाहतात. काठी आत जात नाही.

दामोदररावांनी शंभरी गाठावी, त्यांचे गुडघे शाबूत राहावेत, नजर अशीच तेज राहावी. पण मुरमाची माती व्हायला वीस वर्षे लागली. ती वर्षे त्यांनी पुन्हा कुठून आणायची?

म्हणून सत्कार समितीला विचारते: ढीग कुठे टाकलात? मुरूम कधी उचलता? ढीग परत कधी आणता? संपादकांनी यातला शब्दही कापू नये. तोंडी दिलगिरी मला नको. अक्षय तृतीयेला संध्याकाळी सहाच्या आत लेखी उत्तर माझ्या हाती पडावे.