डाव्या चाकाचा ब्रेक

ब्रेकचे पॅड नवे टाकले आणि त्याच संध्याकाळपासून गाडी किंचाळायला लागली. जुने पॅड झिजून पार पत्र्यासारखे झाले होते, तेव्हा हूं की चूं नव्हतं. नवे टाकले तर इचोड्याच्या बाजारात भाजीवाल्या मान न वळवताच म्हणायच्या, "मास्तरीणबाई आल्या वाटते." माझा राग आधीच नाकावर, त्यात ही जाहिरात.

एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण सोमवारी मुलीला बासरला पोचवायचं होतं. दहावीनंतर तिथल्या कॉलेजात तिला जागा मिळाली होती, म्हणजे आता सहा वर्षं वसतिगृह. तिला मी माझ्या गाडीनं नेणार, हे मी घरात केव्हाच जाहीर केलं होतं. गाडी माझ्या पगारातून घेतलेली, चालवायला चाळिशी उलटल्यावर शिकलेली. पोर मी जन्माला घातली, आणि तिला पोचवायला भाड्याच्या गाडीत मागं पिशव्या सांभाळत बसू? छे.

माझा नवरा मंडल कार्यालयात कारकून आहे. स्टिअरिंगला त्यानं आजवर हात लावलेला नाही, पण गाडीबद्दल मत रोज असतं. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तो म्हणाला, "नेरडीगोंड्याच्या पुढं घाट हाय. रविवारपर्यंत आवाज बंद झाला तं तू ने. नाई झाला तं मी भाड्याची गाडी सांगतो."

"होते बंद," मी म्हणाले. कसा, ते मला तरी कुठं माहीत होतं.

हायवेवरच्या मेकॅनिककडं गेले. त्यानं चाकाकडं न बघताच निकाल दिला, "नया है मॅडम, बैठ जायेगा." चार दिवस झाले तरी काही बसेना. मग शाळा सुटल्यावर मीच रिकाम्या रस्त्यावर गाडी नेऊन बघायला लागले. हळू चालवत ब्रेकवर नुसता पाय टेकवला की किंचाळते. जोरात दाबला की गप्प. मागं घेताना गप्प. काच खाली करून कान दिला तेव्हा कळलं की आवाज पुढच्या डाव्या चाकाचा आहे. हे सगळं मी मेकॅनिकला सांगितलं. त्यानं पॅड काढून खरखरीत कागदानं घासले, परत बसवले. एक दिवस शांततेत गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. शुक्रवारी संध्याकाळी जेवताना नवरा भाड्याच्या गाडीवाल्याचा नंबर मोबाईलमध्ये शोधत बसला होता, मला दिसेल असा मोबाईल धरून.

माझे बाबा तिथंच जेवत होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडंच असतात. उभा जन्म कापूस, ज्वारी आणि बैलबंडी यांत गेलेला माणूस. त्यांनी विचारलं, "आवाज नाई थांबला तं तू नाई जात काय गाडी घेऊन?"

"नाही जात," मी फणकाऱ्यानं म्हणाले. "तुमचे जावई नाही जाऊ देत."

शनिवारी दुपारी दुकानात जायला गाडी काढली आणि काय सांगू, आवाज नाही! गल्लीतच दोनदा ब्रेकवर पाय टेकवून पाहिला. चिडीचूप. मेकॅनिक म्हणाला होता तसे पॅड बसले असतील, असं मी धरून चालले. माझ्या जिवात जीव आला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "आता ठेवा तो नंबर तुमच्या उशाशी." पोरगी हसली. बाबाही हसले, जरा जास्तच हसले, पण मी आपल्याच तोऱ्यात होते.

रविवारी सकाळी पेट्रोल भरायला निघाले. मुलगी शेजारी बसली होती. आमच्या गल्लीतून हायवेकडं थोडा उतार आहे, खाली गाड्यांची रीघ. उतारावर ब्रेक दाबला तर गाडीनं उजवीकडं हिसका दिला, आणि थांबायचं नाव नाही. पाय पार खाली नेला, वरून हँडब्रेक ओढला. एका घराचं बांधकाम चालू होतं, तिथल्या मुरुमाच्या ढिगात गाडीचं नाक जाऊन रुतलं. हायवे तिथून हाकेच्या अंतरावर. पोरीनं माझा हात घट्ट धरला होता. मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडले नाही. गाडीत तळणाचा वास भरला होता. रस्त्यात कोण तळण काढतंय, असा वेडगळ विचार तेव्हा डोक्यात आला होता.

मेकॅनिकनं येऊन चाक काढलं. लोखंडी चकती तेलानं चकाकत होती, पॅड तेल पिऊन काळे झाले होते. "इसमें तेल किसने डाला?" त्यानं विचारलं. मी त्याच्यावरच घसरले. मला वाटलं, आवाज घालवायला ह्यानंच हा शहाणपणा केला. तो शपथा घ्यायला लागला. तेवढ्यात बाबा घरून चालत आले. ते म्हणाले, "त्याले काऊन बोलते? म्या देल्लं ओंगण."

गुडघ्याला चोळायची एरंडीच्या तेलाची बाटली, काडीला गुंडाळलेली चिंधी, आणि डाव्या चाकाच्या फटी; शुक्रवारी रात्री थोडं, शनिवारी रात्री पुन्हा भरपूर. बंडीचा आस कोरडा पडला की कुरकुरतो, ओंगण दिलं की गप्प होतो. साठ वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

"बाबा, ब्रेकचं काम थांबवायचं असते!" मी रस्त्यावरच ओरडले. "फिरवायचं नाही, थांबवायचं! पोरगी होती माझ्या बाजूला!"

त्यांनी मुरुमात रुतलेल्या गाडीकडं पाहिलं. मग खाली बघत म्हणाले, "पोरगी घालवाची असली का आदल्या दिवशी बंडीले ओंगण देत असतेत. वाजत निंगाली तं बरं नाई दिसत. अन् तू म्हणली, वाजली तं तू नाई जात."

राग होता तिथंच राहिला, मी मेकॅनिककडं वळले.

तेल प्यालेले पॅड पुन्हा वापरता येत नाहीत, एवढं मेकॅनिकनं सरळ सांगितलं. आदिलाबादहून दुसरे मागवले. ते येईपर्यंत मी गाडीतलं सामान काढत होते, तर डिकीत पहिल्या पॅडचं खोकं सापडलं. त्यात बारीक पोलादी क्लिपांची पुडी, न फोडलेली. पॅड जागच्या जागी दाबून धरायला असतात त्या. त्या नसल्या की पॅड आत थरथरतो आणि वाजतो. "वो एक्स्ट्रा आता है," मेकॅनिक पुटपुटला. जुन्या गंजलेल्या क्लिपा त्यानं फेकल्या होत्या आणि नव्या लावल्याच नव्हत्या. आता मात्र मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले. चकती धुऊन घेतली, क्लिपा लावून घेतल्या, आणि उतारावर दहादा वर-खाली करून बघितलं. गाडी थांबत होती, आणि वाजत नव्हती.

नवराही तोवर तिथं येऊन उभा होता, त्यानं सारं पाहिलं होतं. मला वाटलं, आता तो भाड्याची गाडी काढणार. तो एवढंच म्हणाला, "सकाळी किती वाजता निंगाचं?"

सोमवारी आम्ही चौघं गेलो. बाबा यायला तयार नव्हते, मीच दटावून पुढं बसवलं. बासरला वसतिगृहाच्या फाटकाशी पोरीनं गादी, बादली, पेटी उतरवली, सगळ्यांच्या पाया पडली आणि आत गेली. वळून एकदा हात केला, बस. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, म्हणून मलाही रडता आलं नाही.

परत येताना नवरा मागं झोपला. निर्मल गाव मागं पडलं. मग बाबा समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाले, "तुया पयल्या दिवाळीनंतर तुले सासरी पोचवाले म्या बंडी जुपली होती."

"आठवते."

"आदल्या सांजीले असं ओंगण देल्लं, का चाक फिरते का नाई समजे ना. तू मांगं तोंडावर पदर घेऊन रडत होती. बंडी वाजे ना, तं मले सारं आयकू आलं. आपल्या नाल्यापासून तं तुया सासरच्या येशीपर्यंत."

मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. घाट लागला होता, समोर ट्रक होता. मी गिअर खाली घेतला.

"वाजू द्याले पायजे होती," बाबा म्हणाले.