शेवटून कापलेल्या ओळी

आप्पा खांबेटे गेल्याचा फोन आला आणि अख्ख्या नोएडाची वीज गेली. शपथेवर सांगतो. नोएडाची वीज रोजच जाते, ही गोष्ट वेगळी. त्यांची लेक म्हणाली, "काका, बाबा सकाळी गेले. झोपेतच." त्याला आज तीन आठवडे झाले...

दिल्लीहून चार भाषांत निघणाऱ्या एका मासिकाच्या मराठी आवृत्तीत मी लिहायचो आणि आप्पा पानं लावायचे. टाइप होऊन आलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापायच्या आणि पानावर चिकटवायच्या, हे त्यांचं काम. माझा लेख म्हणजे मारुतीचं शेपूट, पानात कधी मावलाच नाही. मग कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आमच्या ऑफिसातून पार पहाडगंजपर्यंत ऐकू जाईल अशी हाक यायची, "राजे, आठ ओळी सांडताहेत!" मी म्हणायचो, "कापा." आणि कापायचं ते शेवटून, हा धंद्याचा नियम.

पुढे उदारीकरण आलं. मालकांना गुळगुळीत, रंगीत इंग्रजी मासिकाची स्वप्नं पडू लागली आणि एका दुपारी मराठी आवृत्ती बंद झाली. आम्हा दोघांच्या हातात एकेक पाकीट. मालकांना मी असं काही सुनावलं की भिंतीवरचं घड्याळ थांबलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे मी "थँक यू, सर" म्हणालो आणि जिना उतरलो.

परभणीला जायचं, मामाच्या खताच्या दुकानात बसायचं, लिहिणं बास, असं ठरवून मी सामान बांधत होतो. तिसऱ्या दिवशी आप्पा दोन बस बदलून माझ्या नोएडातल्या खोलीवर आले. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत माझ्या लेखांतून सहा वर्षांत कापलेल्या सगळ्या ओळी, लेखवार टाचलेल्या!

"आप्पा, हे कशाला ठेवलंत?"

"अरे यार, कचऱ्यात कसं टाकणार? वाच जरा. राजे, तू वर नुसत्या थापा मारतोस. खरं बोलायला लागतोस ते पार शेवटी, आणि आपण कापतो शेवटूनच. छापून आला तो थापाड्या. लेखक या डब्यात पडलाय. त्याला खत विकायला बसवणार? बिल्कुल नाही."

सामान सुटलं. त्या ओळी पुढे धरून मी नवे लेख लिहिले, या वर्तमानपत्राच्या याच रविवार पुरवणीकडे धाडले, आणि तुम्ही मला आजतागायत सोसताय. आप्पा पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले, लग्नपत्रिका करू लागले. दर रविवारी मात्र त्यांचा फोन ठरलेला, "आज काय कापलं रे त्यांनी?"

आता रविवारी फोन वाजत नाही. डबा टेबलावर आहे, झाकण अजून घट्ट बसतं.

संपादकसाहेब, लेख नेहमीसारखा वाढलाच असेल. या वेळी वरून कापा. वीज, शेपूट, घड्याळ, सगळं जाऊ द्या. फक्त शेवटची ओळ ठेवा... ज्यानं नोकरीवरून काढलं त्याला मी थँक यू म्हणालो होतो, आप्पांना म्हणायचं राहूनच गेलं.