गॅस गेला कुठे?

बाळंतपणाला मी भवानी पेठेत आईकडे आले ती ऐन उन्हाळ्यात. सोलापूरचं ऊन बाळाला सोसायचं नाही म्हणून भावाने माझ्या खोलीत एसी बसवून घेतला. पण आईने शेक-शेगडी काही सोडली नाही. वरून गार वारा, खाली निखारे आणि ओव्याची धुरी. तुझी भाजणी आणि कुल्फी एकदमच चाललीय, असं भाऊ चिडवायचा. धूर नको म्हणून आई कोळसे मागच्या गॅलरीत फुलवायची आणि लाल झाले की शेगडी आत आणायची.

मग एसी गार करेना. आतल्या पाइपवर बर्फ साचायला लागला. गॅस संपला असेल, भाऊ म्हणाला. स्वयंपाकाचा सिलिंडर संपतो तसंच असेल, असं मलाही वाटलं.

दुरुस्तीला आलेला मेकॅनिक म्हणाला, "ह्यो संपत न्हाय, ताई. तोच तोच फिरतो की आत."

एसीचं झाकण काढता काढता त्याने समजावलं. इंजेक्शनआधी दंडाला लावलेलं स्पिरिट उडून जाताना गार लागतं, तसंच हे. आतल्या पाइपात द्रवाचा गॅस होतो आणि होताना खोलीतली उष्णता उचलतो. बाहेरचा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो आणखी तापतो, ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो आणि आत येतो. वर्षानुवर्षं तेवढाच. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळाला.

मग गेला कुठे, मी विचारलं. ते बघावं लागेल, म्हणाला. याला वास नसतो. हवेपेक्षा जड, खाली बसतो. बंद खोलीत साठला आणि विस्तव मिळाला तर पेटूही शकतो. हे सगळं त्याने आज पाणी येणार नाही म्हणावं तितक्या सहज सांगितलं.

बाळाची गादी जमिनीवर, खिडक्या बंद आणि रोज संध्याकाळी उशाशी निखारे. मी बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

त्याने पाइपात दाबाने नायट्रोजन भरला आणि आतल्या जोडांवर साबणाचा फेस लावला. जिथे बुडबुडे, तिथे गळती. आत नको, बाहेर असू दे, एवढंच मी मनात घोकत होते. फेस तसाच राहिला. माझा जीव भांड्यात पडला. मग तो गॅलरीत गेला. बाहेरच्या युनिटच्या नटावर बुडबुडे भराभर फुगायला लागले.

मी खाली पाहिलं. त्या नटाच्या बरोबर खाली राखेचं काळं वर्तुळ होतं. रोज तिथेच उकिडवी बसून, तोंड खाली घालून आई निखारे फुंकायची.

उघड्यावर साठत नाही, मेकॅनिक म्हणाला. तरी मी तशीच आत गेले. मी आईला सांगितलं तर ती शेगडीच पुसत होती.

"बाळ आत हुतं न्हवं? मग झालं की."

"आणि तू?" मी ओरडले.

तिने वर पाहिलंच नाही. कानाला फडकं न बांधता वाऱ्यात का उभी राहिलीस, म्हणून मलाच रागावली.