गोळीबरोबरचं दही

बाबांचा हात थरथरायला लागला त्याच्या कितीतरी वर्षं आधी त्यांचं पोट हट्टाला पेटलं होतं. रात्री इसबगोल, सकाळी गरम पाणी आणि दिवसभर त्याचीच चर्चा. मग त्यांना वास येईनासा झाला. फोडणी जळली तरी कळायचं नाही. मेंदूचं दुखणं पोटातूनही सुरू होऊ शकतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार? पार्किन्सन्सचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा पोटाचंच विचारलं, आणि आई माझ्याकडे बघत राहिली.

मी इथल्या लष्कर नावाच्या भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, हिंदीतून. माइटोकॉन्ड्रिया कोशिका का बिजलीघर है, म्हणजे पेशीचं वीजघर, हे वाक्य फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की त्याचा अर्थ केव्हाच उडून गेला होता. बाबांमुळे तो परत आला. मेंदूतल्या ज्या पेशी हालचालींचा कारभार बघतात त्यांची बिजलीघरं थकतात आणि पेशी हळूहळू मरतात. आतड्यातले जीवाणू बिघडले तर त्याची झळ तिथवर पोचत असावी, असं संशोधकांना वाटतं. आधी कोण बिघडतं हे त्यांनाही अजून नक्की सांगता येत नाही. शाळा, भाजी, बाबांची आंघोळ आणि त्यानंतर मोबाइलवर हे वाचन. या घरात थकलेली बिजलीघरं एकट्या बाबांची नाहीत. वाचता वाचता माझा डोळा लागायचा.

माझ्या या वाचनातून आईने एकच गोष्ट उचलली: दह्यातले जीवाणू चांगले. तिला ते वेगळं सांगायची गरजच नव्हती. महत्त्वाच्या कामाला निघालेल्याच्या हातावर आमच्याकडे दही-साखर ठेवतात, मग ती परीक्षा असो की दवाखाना. आमच्या घरचं विरजण तिच्या सासूपासून न मोडता चालत आलेलं. बाबांची गोळी हे तिच्या मते रोजचं सगळ्यात महत्त्वाचं काम, म्हणून प्रत्येक गोळी ती वाटीभर दह्याबरोबर द्यायची. मलाही ते बरंच वाटलं.

बाबांचा हट्ट एकच होता, आपल्या हाताने जेवायचं. बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं होतं, दौलतगंजच्या बाजारापर्यंतची रोजची फेरीसुद्धा. पण घास तोंडापर्यंत पोचेना. वरण मनगटावरून ओघळायचं, आई भरवायला गेली की ते तोंड मिटून घ्यायचे आणि अर्धपोटी उठायचे. मी चिडायचे, आई रडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

डॉक्टर गोळी वाढवणार होते, तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "दवा किसके साथ देती हैं?" आईने अभिमानाने दह्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. दह्यातली प्रथिनं आणि हे औषध, दोघांना शरीरात शिरायला एकच दार. दही पुढे घुसतं आणि औषध बाहेर ताटकळतं. गोळी रिकाम्या पोटी द्या, जेवण तासाभराने, आणि दही-दूध रात्रीच, असं त्यांनी समजावलं. जीवाणूंचं पुढे बघू, म्हणाले.

काही दिवसांनी दुपारचा घास तोंडापर्यंत पोचू लागला. सावकाश, पण त्यांच्याच हाताने. रोग जागचा हलला नव्हता आणि हलणारही नाही. औषधाला फक्त वाट मिळाली होती. तरी मला इतका आनंद झाला की माझंच जेवण राहून गेलं. आईने मात्र विरजण लावणं बंद केलं. "इतके दिवस मीच त्यांचा हात धरून ठेवला," ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली. आपल्याला कुठे माहीत होतं, असं मी म्हटलं. तिला ते पुरलं नाही.

त्या आठवड्यात एकदा रात्रीच्या जेवणाला बाबांनी दही मागितलं. त्यांचा आवाज आता इतका बारीक झालाय की ऐकायला जवळ जावं लागतं. संपलं, आई म्हणाली. ते खोटं होतं. तळाशी थोडं उरलेलं मी फ्रिजमध्ये पाहिलं होतं. मी वाटी आणून ताटाशी ठेवली. रात्रीपर्यंत गोळीचा जोर ओसरलेला असतो, हात लाकडासारखा होतो. बाबांनी तो मांडीवरून उचललाही नाही. आईकडे बघून म्हणाले, "दिवसा मी जेवीन. रात्रीला तू भरव." आणि तोंड उघडलं.

आईने भात कालवायला घेतला. पण त्याआधी चमचाभर दही तिने बाजूला काढलं आणि मला दूध कोमट करायला सांगितलं.