तिवाठ्यावरची कादंबरी

१९५५ सालच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी अकोल्याच्या एका छापखान्यात दोनशे चाळीस रुपये दिले गेले. हजर तिघे : छापखान्याचे मालक, मी आणि माझी मोठी बहीण. पैसे मी मोजले, पण ते माझे नव्हते. आक्काने आपल्या पाटल्या मोडल्या होत्या. तीनशे प्रती छापायच्या, किंमत एक रुपया चार आणे. एकशे ब्याण्णव प्रती खपल्या की पैसे निघतात, एवढा हिशेब मी तिथे उभ्या उभ्याच केला.

"पानांच्या कडा कापून पाहिजेत का? बारा रुपये जास्त पडतील," मालक म्हणाले. मी नको म्हणालो. तेव्हा बरीच पुस्तके तशीच येत. पाने कडेला जोडलेली असत आणि सुरीने फाडत फाडत वाचावी लागत.

"आणि लेखकाचं नाव काय टाकू?"

मी आक्काकडे पाहिले. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "नाव नका टाकू," ती म्हणाली.

मला हायसे वाटले. मंगरूळला मी एका अडत दुकानात दिवाणजी होतो. दिवाणजीच्या विधवा बहिणीने रक्त पिणाऱ्या बाईची कादंबरी लिहिली, हे गावात कोणाला कळू नये असेच मला वाटत होते.

कादंबरी वत्सगुल्माची होती. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम, पण जुन्या काळी ते राजधानी होते तेव्हाचे. आक्काचे सासर वाशीमचे, तिथल्या तळ्याकाठी तिचे बरेच दिवस गेलेले. त्या तळ्यातून तिची राणी रोज सूर्य बुडाला की वर येते. ती बाळंतपणात मेलेली आहे. महालात जाऊन ती आपल्या तान्ह्या मुलाला पाजते. पण मेलेल्या अंगात दूध कुठून येणार? म्हणून आधी तिला एका जिवंत माणसाचे रक्त प्यावे लागते. गावात एकेक माणूस पांढरा पडून मरतो आणि महालात मूल बाळसे धरते. शेवटी हे सारे एका दाईला कळते. राणीला अडवले तर गाव वाचते, न अडवले तर मूल.

आक्कालाही एक मूल झाले होते, ते नऊ दिवसांचे होऊन गेले. आमच्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. छापखान्यातून आलेली मुद्रिते मी सगळी तपासली, पण हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही. मी पानांचे आकडे बरोबर आहेत का ते पाहत होतो.

पन्नास प्रती ओळखीच्या एका दुकानात ठेवल्या, जिथे शाळेच्या वह्या आणि दौती मिळत. बाकीच्या घरी पेटीत. पुस्तकावर नाव नसल्याने आणि प्रती मी आणून दिल्याने, कादंबरी मीच लिहिली असे गावाने ठरवले. मी नाही म्हणत राहिलो, पण मग कोणी, ते सांगता येत नव्हते.

पहिली प्रत मी आमच्या शेठजींना दिली. ते जैन. मुखपृष्ठावरचा लाल ओघळ पाहून त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. गल्ल्यातून सव्वा रुपया काढून माझ्यापुढे ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "दिवाणजी, पैसे घ्या. पुस्तक मात्र घरात नेता येणार नाही. असलं आमच्याकडे वाचतही नाहीत." मी प्रत पिशवीत परत घातली. ती मी खपलेल्यांत धरावी की नाही, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

निवृत्त हेडमास्तरांनी मला बाजारात गाठले. "काहो दिवाणजी, तुमची दाई मिरच्यायची धुनी देते अन् राणी पळते. मिरची आपल्या मुलखात कधी आली? हे चारशे-साडेचारशे वर्साखाली. परदेशी लोकायनं आणली ते. वत्सगुल्मात मोहरी पाह्यजे, मोहरी!" दोन पावले पुढे जाऊन ते परत आले. "पन गड्या, दोन दिवस दिवा इझवला नाई मी. खोटं काहून बोलू?"

पानठेल्यावरची पोरे वेगळीच. मी दिसलो की एकजण ओरडे, "अबे, मान झाका, दिवाणजी आले!" दुसरा विचारी, "काय हो, उधारीवाल्यायचं रगत पेता काय आता? शेर किती पडते?" सारा ठेला हसे. वीस वर्षे ज्या रस्त्याने लोकांनी मला अदबीने वाट दिली, त्याच रस्त्याने मी खाली मान घालून जाऊ लागलो. शेलूबाजारचा एक माणूस दुकानावर कापूस घेऊन आला, तो तर मला बाजूला नेऊन म्हणाला, "राणी खरीच हाय ना? माह्या मामीनं पाह्यली हाय थे. तुमाले कोनं सांगतलं?"

घरी आलो की आक्का चुलीपुढून विचारायची, "काय म्हंते लोकं?"

"आज दोन गेल्या," मी म्हणायचो.

"ते नाई इचारलं मी, बापू."

"मास्तर म्हंते, मिरची नाई पाह्यजे, मोहरी पाह्यजे."

ते मात्र तिने मनावर घेतले. दुसऱ्या दिवशी पेटीतल्या सगळ्या प्रती काढून दौत-टाक घेऊन बसली. पाने दुमडून, जोडलेल्या पानांच्या आत बोटे घालून, प्रत्येक प्रतीत मिरची खोडून मोहरी लिहिली. माझी बायको म्हणाली, "आक्का, थे भूत कुठं मोजून राह्यलं मिरची हाय का मोहरी?" आक्का म्हणाली, "भूत नाई मोजत. मास्तर मोजते."

दीड महिन्यात घरून आणि दुकानातून मिळून एक्केचाळीस प्रती गेल्या. नंतर खप जवळजवळ थांबला. आणि मग एका आठवड्यात बावीस गेल्या. दुकानदाराने निरोप पाठवला की अजून पाठवा. मी पन्नास नेऊन दिल्या. मी त्याला कारण विचारले नाही. आकडा चांगला असला की मी कारण विचारत नसे, ही माझी धंद्यातली सवय.

आक्काने त्या दिवशी गुळाचा सांजा केला. "पाह्य बापू, पुस्तक असंच चालते. एक वाचते, दुसऱ्याले सांगते. मंग थो वाचते." ती इतके कधी बोलत नसे. दुसरी कादंबरी मनात आहे, असेही तिने त्या जेवणात सांगितले.

कारण मला दोन दिवसांनी दिसले. आमच्या वस्तीच्या टोकाला तीन वाटा मिळतात. त्या तिवाठ्यावर लोक उतारा ठेवतात. घरात कोणाला ताप आला, लेकरू रडायचे थांबेना, तर भात, लिंबू, उडीद त्याच्यावरून ओवाळायचे आणि दिवेलागणीला तिथे नेऊन ठेवायचे, मागे वळून न पाहता परत यायचे. ठेवलेल्या उताऱ्याला कोणी शिवत नाही. शिवेल त्याला ती पीडा लागते. सकाळी दुकानाला जाताना मी तिथे पाहिले, तर भाताच्या मुटक्याखाली आमचे पुस्तक होते. वर लिंबू, लिंबाला कुंकू.

मी सरळ दुकानदाराकडे गेलो.

"तुमाले मालूम नाई?" तो म्हणाला. "तेल्याच्या घरी सून पुस्तक वाचून राह्यली होती. मंधातच लेकराले ताप भरला. सासू म्हने, या पुस्तकातली बाई दुधासाठी घरात शिरली. तिनं थेच पुस्तक लेकरावरून ओवाळलं अन् तिवाठ्यावर ठेवलं. सकाळी लेकरू टुनटुनीत! आता समदे नेते. मी तं पुस्तकासंगं लिंबूच ठेवलं इकाले."

खरेच, गठ्ठ्याशेजारी लिंबांची टोपली होती.

त्या क्षणी मला जी लाज वाटली, ती पानठेल्यावरच्या लाजेसारखी नव्हती. तिथे माझी चेष्टा होत होती. इथे आक्काच्या सांज्याची चव अजून माझ्या तोंडात होती. मी दुकानदाराला विक्री बंद करा म्हणायला हवे होते. पण माझ्या डोक्यात आकडा होता : असाच खप राहिला, तर तिच्या पाटल्यांचे पैसे निघतात. मी काही न बोलता दुकानातून उतरलो, आणि घरी "आज चार" म्हणून सांगितले.

पुढच्या शनिवारी सकाळी आक्का आणि माझी बायको मारुतीला निघाल्या. मीही निघालो. तिवाठा जवळ आला तसा मी म्हणालो, "आक्का, इकून चाल. तिकडं चिखल हाय."

"पौषात चिखल?" आक्का म्हणाली आणि सरळ चालत राहिली.

त्या दिवशी तिथे दोन प्रती होत्या. एक भाताखाली चिंब झालेली, दुसरी कोरडी, नुसते लिंबू ठेवलेली. आक्का थांबली. विहिरीकडे जाणाऱ्या बायाही थांबल्या. आक्काने माझ्याकडे पाहिले, आणि मी रस्त्याकडे. तिला तेवढ्याने सगळे समजले. मग ती वाकली, लिंबू बाजूला सारले आणि पुस्तक उचलले.

"आक्का, ठेवा थे!" माझी बायको ओरडली. बाया मागे सरल्या. एक म्हणाली, "बाप्पा! उतारा उचलला व बाईनं!"

आक्काने पुस्तकाला लागलेले कुंकू पदराने पुसले, पुस्तक उघडायला गेली. ते उघडले नाही. पाने सगळी जोडलेली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत कडेवर तिने अंगठा फिरवला.

"हे तं कोनं वाचलंच नाई, बापू," ती म्हणाली.

ते पुस्तक घेऊन ती घरी परतली. मी चार पावले मागे चालत होतो. सारी वस्ती दारात आली होती, आणि त्या सगळ्यांपुढून मला बहिणीच्या सोबतीने चालता आले नाही, मागेच राहिलो. बायकोने दारात पाय धुवायला पाणी दिले आणि पुस्तक आत घेऊ दिले नाही. आक्काने ते ओसरीच्या खुंटीवरच्या पिशवीत ठेवले. संध्याकाळी एवढेच म्हणाली, "उरलेले परत आन. लिंबावर इकाचे नाईत मले."

मी आणले. एकूण एकशे सात खपल्या होत्या, शेठजींची धरली तर. दुसऱ्या कादंबरीच्या कागदांची गुंडाळी तिने पेटीत प्रतींच्या खाली घातली.

त्या आठवड्यात पानठेल्यावर मला कोणी हाक मारली नाही. पोरे बाजूला सरकून वाट देत होती. आता गावाला ठाऊक झाले होते. उताऱ्याला हात लावायची हिंमत कोण करील? ज्याची वस्तू आहे तोच. पुस्तकावर जे नाव आम्ही टाकले नव्हते, ते आक्काने साऱ्यांच्या देखत वाकून टाकले होते. मी ते नाव ऐकू येईल या धास्तीने कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतो.

पुढल्या बुधवारी दुपारी, मी जेवायला घरी आलो असताना, अंगणात एक तरुण बाई येऊन उभी राहिली. कडेवर लेकरू. तेल्याची सून. माझी बायको लगबगीने दारात आडवी झाली. सून तिच्या खांद्यावरून आत पाहत म्हणाली, "ज्या आक्कानं पुस्तक उचललं, त्या घरी हायेत?"

आक्का बाहेर आली.

"तुमीच लिवलं ना थे?"

आक्का ओसरीची पायरी उतरून तिच्यापुढे गेली.

"मी छ्यान्नव पानावर होती," सून म्हणाली. "सासूले वाचून दाखवत होती. सासू रोज म्हने, वाच व पोरी, पुढं वाच. मंग याले ताप आला अन् तिनंच नेऊन ठेवलं. आता थे बी इचारते अन् मले बी चैन नाई. दाई दाराले कडी लावते का उघडं ठेवते? त्या राणीचं लेकरू जगते का हो, आक्का?"

लेकराने आक्काचा पदर धरला. आक्का त्याच्या मुठीकडे बघत राहिली.

"जगते का?" सुनेने पुन्हा विचारले.

"थे पुस्तकात हाय," आक्का म्हणाली.

ती आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरातून सुरी घेतली, आणि उंबऱ्यावर बसून एकेक पान स्वतः फाडत गेली, अगदी शेवटच्या पानापर्यंत. आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो. लेकरू कडांचे कपटे गोळा करायला खाली उतरले.

"हे घे. तुह्या पुस्तकात मिरच्या होत्या. यात मोहरी हाय. थेच बरोबर."

सुनेने पदराची गाठ सोडली. मी सवयीने पुढे झालो. "राहू दे बाई, पैसे नको. एक प्रत तं तुमची गेलीच."

"तू मंधात बोलू नको, बापू," आक्का म्हणाली, आणि हात पुढे केला.

मी दोन पावले मागे सरलो. एक रुपयाची नोट आणि एक पावली, म्हणजे एक रुपया चार आणे. छापखान्याचे दोनशे चाळीस माझ्या हातून गेले, दुकानातले सगळे पैसे माझ्या हातात आले. हे शेवटचे तेवढे सुनेने आक्काच्या हातात दिले.